सातवी होडी

ताईने पत्रक माझ्या ताटाशेजारी ठेवलं आणि म्हणाली, "छोट्या, इथं जाऊ या." एवढंच म्हणाली आणि पाण्याचा जग भरायला आत गेली. मी चोपन्न वर्षांचा आहे, डोक्यावरचे केस मोजायला घेतले तर संध्याकाळच्या आत मोजून होतील, पण तिच्या लेखी मी छोट्याच. पत्रक आमच्या कचेरीचं होतं. आमच्या म्हणजे काय, माझंच. एका सहलीच्या कंपनीत गेली बावीस वर्षं मी हॉटेलांची पत्रकं लिहितो. पुढच्या बाजूला हॉटेलचा फोटो, मागच्या बाजूला 'आसपास करण्यासारखं'. त्या मागच्या बाजूचा मी धनी. हे एका नदीकाठच्या हॉटेलचं होतं. तो सगळा कालव्यांचा मुलूख, रस्ते कमी आणि पाणी जास्त. पानाच्या डाव्या समासात एकाखाली एक सात चिमुकल्या होड्या छापलेल्या आणि प्रत्येक होडीपुढे करण्यासारखी एकेक गोष्ट. सातव्या होडीपुढच्या मजकुराखाली पेन्सिलीने रेघ ओढली होती. पट्टी लावून, सरळ. ताईचीच रेघ. घास माझ्या घशात अडकला तो अडकलाच.

का अडकला ते सांगतो, नाहीतर म्हणाल, बहिणीने आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं आणि ह्याला ठसका लागला. आमच्या कचेरीत फार पूर्वी कुणा चित्रकाराने पानाची एक चौकट करून ठेवली आहे. पाण्याकाठचं हॉटेल असेल तर समासात होड्या, डोंगरातलं असेल तर झाडं, पण नग सात. आता कुठल्याही हॉटेलाच्या आसपास करण्यासारख्या सात गोष्टी नसतात हो. ओढूनताणून सहा होतात. मग सातवी होडी रिकामी राहायची, आणि रिकामी होडी पानावर वाईट दिसते असं साहेबांचं म्हणणं. म्हणून रीत पडली : सहा त्यांच्या, सातवी आपली. सातवी कशी रचायची हे साहेबांनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं. तिला नाव नको, तिकीट नको आणि वेळ तर नकोच नको. नाव दिलं की माणूस विचारत विचारत जातो, वेळ दिली की घड्याळ बघतो, आणि घड्याळ बघणारा माणूस परत येऊन तक्रार करतो. त्यापेक्षा एखादं वळण लिहावं, एखादं झाड लिहावं. सापडलं तर त्याचं नशीब. नाही सापडलं तर त्याला वाटतं, आपलीच वाट चुकली. बावीस वर्षांत सातवीबद्दल एकही तक्रार आली नाही. अंतरंसुद्धा आम्ही नकाशावर बोट ठेवून काढतो, बोटाच्या एका पेराला दहा मिनिटं. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, पण हॉटेलं भरत होती आणि माझा पगार होत होता. पेराची गंमत मी ताईला कधीतरी जेवताना सांगितली होती. सातवीची सांगितली नव्हती.

त्या पत्रकातली सातवी अशी होती : 'हॉटेलच्या मागल्या वाटेने पंधरा मिनिटं चालत गेलं की वळणावर एक लाकडी बाक लागतो. सामान शेजारी ठेवावं, छत्री मांडीवर आडवी घ्यावी आणि वाट पाहत निवांत बसावं. समोर दोन प्रवाह एकमेकांत मिसळत असतात.' मला आठवतं, दुपारचा चहा यायच्या आत मी हे लिहून मोकळा झालो होतो. त्या हॉटेलात मी कधी गेलो नव्हतो. खरं तर कुठल्याच हॉटेलात गेलो नव्हतो.

ताईला तपासून डॉक्टरांनी मागच्याच आठवड्यात मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, दोन महिने, फार तर तीन. पोटातलं आता कापून उपयोग नव्हता. मी ताईला सांगितलं, "अशक्तपणा आहे म्हणाले, गोळ्या दिल्यात." ती म्हणाली, "अस्सं." तीस वर्षं टेलिफोनच्या केंद्रात कानाला यंत्र लावून बसलेली बाई. दोन टोकांची माणसं काय बोलतात ह्यापेक्षा काय गिळतात ते तिला आधी कळायचं. मला मात्र वाटत राहिलं की मी वेळ मारून नेली. बायकोला मी त्या रात्री म्हटलं, "प्रवास झेपेल का तिला? नाही म्हणून सांगू का?" बायको उशीला अभ्रा घालत होती. ती म्हणाली, "घेऊन जा मुकाट्याने. तुमच्याकडे त्यांनी आजवर मागितलंय तरी काय?" एक गोष्ट मागितली होती, चौतीस वर्षांपूर्वी. पण ते बायकोला ठाऊक नव्हतं.

आईवडील गेले तेव्हा मी अकरा वर्षांचा आणि ताई अठराची. तिने शिक्षण सोडलं, केंद्रात चिकटली आणि मला वाढवलं. ह्यावर लोक हुंदका देऊन बोलतात, मला त्याचा राग येतो. हुंदका देण्यासारखं काही नव्हतं आमच्या घरात. ती चांगली हसरी होती. घरीसुद्धा मी काही लपवत असलो की कानाला मूठ लावून म्हणायची, "बोला, लाईन चालू आहे." मी हसायचो आणि सगळं ओकून टाकायचो, परीक्षेतले गुण, फोडलेली काच, सगळं. ती सत्तावीसची झाली तेव्हा तिच्या आवाजात एक फरक पडला. रोज सकाळी सात वाजता दूरच्या कालव्यांवरून पाण्याच्या पातळीचे आकडे कळवणारा एक माणूस होता, पाणीमोजणीच्या खात्यातला. तो आकडे सांगायचा आणि ताईने ते मुख्य कचेरीला जोडून द्यायचे. चार फूट सात इंच, पाच फूट दोन इंच. दोन वर्षं हे आकडे ऐकता ऐकता काय झालं कोण जाणे. मला एवढंच दिसायचं की घरी भांडी घासताना ती मधेच म्हणायची, "आज पाणी चढलंय." कुठलं पाणी, कुणाचं पाणी, मी विचारलं नाही. माझं शेवटचं वर्ष होतं आणि माझं लक्ष स्वतःपलीकडे जात नव्हतं.

हॉटेलला पोचायला आम्हाला एक गाडी, एक बस आणि शेवटी एक लाँच एवढं करावं लागलं. लाँचमध्ये ताई कठड्याला टेकून बसली आणि सगळा वेळ पाण्याकडे बघत राहिली. मी तिच्याकडे बघत राहिलो. चेहरा पिवळा पडला होता, पण डोळे लग्नाला निघालेल्या माणसासारखे. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. दोन्ही काठ मी असे न्याहाळत होतो की जणू कुठेतरी एखादा बाक आपणहून उगवलेला दिसेल. हॉटेल फोटोत होतं त्यापेक्षा लहान निघालं आणि भिंतींना खालून हातभर ओल चढलेली होती. खोलीच्या खिडकीतून पायऱ्या, पायऱ्यांखाली नदी, बांधलेल्या दोन होड्या आणि पलीकडे सपाट हिरवं काहीतरी, आभाळापर्यंत. ताईने पिशवीतून पत्रक काढलं, टेबलावर उलटं पसरलं आणि वर पेन्सिल ठेवली. "सगळं करायचं बरं का," म्हणाली, "एकापासून सातपर्यंत. मधलं गाळायचं नाही." ती अंघोळीला गेल्यावर मी खाली धावलो. हॉटेल सांभाळणारी बाई हिशेबाच्या वहीवर डोकं टेकून पेंगत होती. तिला विचारलं, "इथं मागच्या वाटेला वळणावर एखादा बाक आहे का हो?" ती म्हणाली, "सगळेच विचारतात. कुठल्याशा कागदावर छापलंय म्हणे. आम्हाला तर कधी दिसला नाही." "मग तुम्ही लोकांना काय सांगता?" "सांगतो, वाट चुकलात," ती म्हणाली आणि जांभई दिली.

तीन दिवसांत आम्ही सहा गोष्टी केल्या. केल्या म्हणजे उरकल्या. माझ्या बावीस वर्षांच्या नोकरीची अशी शोभा मी कधी बघितली नव्हती. पक्षी बघायच्या मचाणावर एकही पक्षी नव्हता, एक माणूस दोरीवर पायजमे वाळत घालत होता. लव्हाळ्याच्या टोपल्या विणणाऱ्याकडे प्लास्टिकच्या टोपल्या होत्या, रंगीत. बंधाऱ्यावरची सायकलफेरी आम्ही नुसती बघितली, दुसऱ्यांची. पाणी उपसायच्या जुन्या इंजिनघराला कुलूप होतं. आणि मी 'दहा मिनिटांवर' लिहिलेला कालव्याचा दरवाजा पन्नास मिनिटांवर निघाला. ताई दर शंभर पावलांवर थांबायची, कमरेवर हात ठेवून श्वास घ्यायची आणि म्हणायची, "छोट्या, तुझं बोट फार जाड आहे रे." मी हसायचो. हसताना मला रडू यायचं. माझ्या एका पेरात तिचा सगळ्या दिवसाचा जीव संपत होता. तरी संध्याकाळी खोलीवर येऊन ती प्रत्येक होडीवर बरोबर खूण करायची, न केलेल्यावरसुद्धा. मी म्हटलं, "इंजिनघर कुठे बघितलं आपण? कुलूप होतं." ती म्हणाली, "कुलूप बघितलं ना. झालं तर."

कालव्याच्या त्या दरवाजाशी मात्र ती थांबली. दोन मोठी लाकडी दारं, मधल्या हौदात पाणी सोडून होडी वर चढवतात. हौदाच्या भिंतीत एक दगडी पट्टी बसवली होती, तिच्यावर फूट आणि इंच कोरलेले. ताई वाकून बघत राहिली आणि मग केंद्रातल्या आवाजात, खणखणीत, म्हणाली, "चार फूट सात इंच." दरवाजा फिरवणारा माणूस बिडी पीत बसला होता, तो दचकला. ताईने त्याला विचारलं, "हे मोजायला माणसं असायची ना इथं? पूर्वी?" तो म्हणाला, "असायची. आता यंत्र मोजतं. शहरात बसल्या बसल्या कळतं त्यांना." "मग ती माणसं कुठे गेली?" तो म्हणाला, "गेली की बाई. माणसं काय, जातातच." ताईने मान हलवली. मला तेव्हा कळलं की पातळीचे आकडे ह्या कालव्यांवरून यायचे. तो माणूस इकडचाच होता. तिने हॉटेल निवडलं नव्हतं, मुलूख निवडला होता. मी तिथल्या एका खुंटाला धरून उभा राहिलो. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "काही सांगायचंय का तुला?" मी म्हटलं, "ऊन लागतंय, चल." ऊन नव्हतं.

त्या वेळचं असं की, तोवर तो ह्या कालव्यांवर तात्पुरता होता, आता त्याची तिथं कायमची बदली झाली होती आणि जाण्याआधी तो शहरात एक दिवस आला होता. त्याने ताईला फोनवरच सांगितलं होतं : बसच्या अड्ड्याबाहेरच्या बाकावर चार वाजता बसेन. आलीस किंवा निरोप आला तर पुढचं ठरवू. कुणी आलं नाही तर मी काय ते समजेन आणि पुन्हा त्रास देणार नाही. ताई निघणार होती. ऐन वेळी तिची जोडीदारीण आजारी पडली आणि तिला रात्री आठपर्यंत जागेवरून हलता येईना. तिने दुपारी मला केंद्राच्या जिन्यात बोलावून घेतलं. घाईघाईत म्हणाली, "चष्मा आहे त्याला. जवळ काळी पत्र्याची पेटी असेल. जा आणि एवढंच सांग, एक वर्ष थांब. माझ्या भावाची परीक्षा झाली की मी येते." मग माझ्या डोक्यावर टपली मारून म्हणाली, "म्हणजे तुझी. नापास होऊ नकोस, नाहीतर त्याला दोन वर्षं बसावं लागेल." तिचे कान लाल झाले होते. तिला इतकी देखणी मी ना त्याआधी पाहिली, ना नंतर.

मी गेलो. चारला पाच मिनिटं कमी होती. तो बसलेला होता. चष्मा, शेजारी काळी पेटी, मांडीवर आडवी छत्री. साधा, सडपातळ, कानांजवळ थोडे पिकलेले केस. मी वर्तमानपत्राच्या टपरीआड उभा राहिलो. म्हटलं, एक मिनिट श्वास घेतो आणि जातो. त्या एका मिनिटात माझ्या डोक्यात आलं की एका वर्षाने घरात ताई नसेल. बाकी काही नाही, एवढंच. स्वयंपाक, फी, कपडे असले हिशेब मी नंतर स्वतःला सांगितले, कारण ते तरी माणसाला शोभणारे असतात. तेव्हा मला नुसती खोली दिसली, दिवा न लावलेली. वीस वर्षांचा घोडा आणि भीती बाळाची. मी टपरीआडून हललो नाही. पण तिथून निघूनही गेलो नाही, हे मला आजवर उलगडलेलं नाही. साडेतीन तास मी त्याच्याकडे बघत उभा होतो. तो एकदा उठला, कारण निळ्या साडीतली एक बाई लांबून येत होती. ती जवळ आली, दुसरीच निघाली, तो बसला. मग पाणी प्यायला उठला, तेव्हा जागा राखायला त्याने छत्री बाकावर ठेवली. तिथं कोण बसणार होतं त्याची जागा घ्यायला? परत येऊन बसला, छत्री पुन्हा मांडीवर. साडेसातला त्याची बस लागली. दाराशी पेटी हातात धरून तो एकदा वळला आणि सगळ्या अड्ड्यावरून नजर फिरवली. ती माझ्यावरूनही गेली. मग चढला. रात्री ताई घरी आली, चपला काढता काढताच तिने विचारलं, "भेटला?" मी पुस्तकातून डोकं वर न काढता म्हटलं, "कोणी नव्हतं." ती थोडा वेळ एक चप्पल पायात, एक हातात अशी उभी राहिली. मग म्हणाली, "बरं." आणि स्टोव्ह पेटवला. मी परीक्षेत पहिल्या वर्गात आलो. तिने लग्न केलं नाही. मी आठ वर्षांनी केलं, पण ती आमच्याकडेच राहिली आणि कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. घरात दिवा रोज वेळेवर लागत होता.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ताई म्हणाली, "उद्या सातवी. उद्यासाठी थोडा जीव शिल्लक ठेवलाय मी." म्हणून चौथ्या दिवशी उजाडताच मी एकटा मागल्या वाटेने निघालो. वळण होतं. नकाशात जिथं होतं तिथंच होतं, ह्याचं मला नवल वाटलं. दोन प्रवाहही होते, एक मातकट आणि एक हिरवट, बराच वेळ शेजारी शेजारी वाहत आणि मग मिसळत. माझ्या हातून चुकून एवढं खरं लिहिलं गेलं होतं. बाक नव्हता. ओंडका नव्हता, दगड नव्हता, नुसता चिखल आणि गुडघाभर गवत. मी तिथं उभा राहिलो आणि खरं सांगतो, मनात आलं की आता जाऊन तिच्या पायाशी बसावं आणि सांगून टाकावं, ताई, सातवी खोटी असते. नुसती सातवी खोटी आहे एवढंच. पण एक खोटं काढलं की त्याच्या शेपटीला धरून दुसरं बाहेर येतं. मी परत येऊन हॉटेलच्या नावाड्याला गाठलं. म्हटलं, "तुमच्या बागेतला तो बाक होडीत घालून वळणावर नेऊन ठेवाल का? एका संध्याकाळपुरता?" तो माझ्याकडे बघतच राहिला. "बाक? होडीत?" "हो." "कशाला?" "बसायला." तो म्हणाला, "साहेब, बाक इथंही बसायलाच आहे." पण नेला बिचाऱ्याने. लोखंडी, पांढरा बाक, पाठीवर हॉटेलचं नाव रंगवलेलं आणि खाली आकडा, तीन.

आम्ही चारला निघालो. पंधरा मिनिटांच्या वाटेला सव्वा तास लागला. शेवटच्या टप्प्यात मी तिला जवळजवळ उचललंच होतं, आणि ती हाताला इतकी हलकी लागली की मला भीती वाटली. वळण आलं. बाक होता. ताईने आधी बाक बघितला, मग माझ्याकडे बघितलं, मग पाठीवरचं नाव वाचलं आणि तीन आकड्यावर बोट ठेवून हसायला लागली. हसता हसता खोकली, खोकता खोकता बसली. मीही बसलो. बाकाचे पाय ओल्या चिखलात चार बोटं रुतले होते आणि होडीपासून तिथपर्यंत ओढल्याच्या दोन ताज्या चऱ्या होत्या, आंधळ्यालाही दिसल्या असत्या. "लाकडी लिहिलंयस," ती म्हणाली. मी म्हटलं, "बदलला असेल नंतर." "असेल," ती म्हणाली. आम्ही बसून राहिलो. समोर ती दोन पाणी वाहत होती. मला वाटलं, झालं, निभावलं. हे आठवलं की अजून स्वतःची किळस येते. मला खरोखरच हायसं वाटलं होतं.

मग ती पाण्याकडे बघतच बोलली, अगदी सहज, जणू दूध आलं का विचारावं तसं. "शहरात आला की भेटायचो आम्ही, तेव्हा छत्री तो मांडीवर आडवीच धरायचा. मी चिडवायचे त्याला, मोजपट्टी आहे का ती. हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं." पत्रकातली ती ओळ माझ्या डोळ्यांपुढे आली, माझ्या हाताने लिहिलेली, चहा यायच्या आधी. सामान शेजारी, छत्री मांडीवर. मी रचतोय असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "महिना झाला. तुझ्या पिशवीतले कांदे ह्या पत्रकात गुंडाळलेले होते. निवडता निवडता वाचलं." मी बाकाच्या कडेचा रंग नखाने खरवडत राहिलो. "मी रागावलेय का? नाही रे. आता राग कुठे ठेवू, जागाच नाही." तिने माझा हात हातात घेतला. तिचा हात कोरडा आणि गरम होता. "चौतीस वर्षं मला वाटलं, तो आलाच नाही. रोज आकडे सांगणारा माणूस, एक इंच इकडचा तिकडे करायचा नाही, आणि आलाच नाही. ते नाही मला कधी जमलं पचवायला. मला बाकी काही नको, छोट्या. तू का केलंस तेही नको. आला होता का आणि किती वेळ बसला, एवढं सांग." मग तिने दुसऱ्या हाताची मूठ कानाला लावली. "बोल. लाईन चालू आहे."

साडेसातपर्यंत. तोंडात तयार होतं. दोनदा उठला, दोनदा परत बसला, जागा राखायला छत्री ठेवून गेला. जगात एकट्या मला हे माहीत होतं आणि जगात एकट्या तिला ते हवं होतं. सांगायला दहा शब्द लागले असते. का केलं ते नको म्हणाली होती, पण ते न विचारताही आमच्या मधे त्या बाकावर येऊन बसलंच असतं, आणि त्याच्यासमोर मला अजून दोन महिने तिला औषध द्यायचं होतं, तिच्या उशा बदलायच्या होत्या. मी तोंड उघडलं. जित्याची खोड म्हणतात ना. चौतीस वर्षं जे वाक्य आत वळवळत होतं तेच वाटेत आडवं होतं, दुसऱ्याला यायला जागाच नव्हती.

"कोणी नव्हतं, ताई," मी म्हटलं.

तिने मूठ कानावरून हळूहळू खाली घेतली. हात मांडीवर ठेवला. समोरचं पाणी मिसळत होतं. "बरं," ती म्हणाली. "ठेवते मग."

परतीच्या लाँचमध्ये ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. माझ्या ओठांनी तीनदा ते न सांगितलेले शब्द जुळवले. आवाज काढला नाही. ती जागी झाली तर, ह्या भीतीने. घरी आल्यावर तेविसाव्या दिवशी ती गेली. ह्या तेवीस दिवसांत ती माझ्याशी सगळं बोलली, गोळ्या, भाजी, तिच्या पेन्शनच्या कागदांवर कुठे सही करायची ते, पण त्या विषयावर एक अक्षर नाही, आणि कानाला मूठ पुन्हा लावली नाही. तिच्या सामानात ते पत्रक सापडलं. सहा होड्यांवर खुणा होत्या. सातवी कोरी होती. बायको म्हणाली, "ही का राहिली? गेला होतात ना तुम्ही?" मी म्हटलं, "वाट चुकलो."

कचेरीत रुजू झालो तेव्हा टेबलावर नवं काम पडलेलं. दुसरं हॉटेल, दुसरी नदी, चौकट तीच. सहा लिहून झाल्या. सातव्या होडीपुढे मी लिहिलं : 'वळणावर एक बाक आहे. तिथं एक माणूस चार वाजल्यापासून साडेसातपर्यंत बसला होता. दोनदा उठला, दोनदा परत बसला. तो आला होता.' ते छापून दहा हजार घरांत गेलं असतं. ज्या घरात जायला हवं होतं ते सोडून सगळ्या घरांत. दुपारी साहेबांनी बोलावलं. लाल पेन्सिल टेबलावर आपटत म्हणाले, "सातवीत वेळ? बावीस वर्षं झाली आणि तुम्हीच विसरलात?"

"विसरलो," मी म्हटलं.

"आणि हा माणूस कशाला घुसवलाय मधे? लोकांना तिथं जाऊन बसायचं असतं. बाक रिकामा ठेवा."

मी कागद परत जागेवर आणला, वेळ खोडली, मग माणूस खोडला. चार वाजता चहा आला, तोवर पान छापायला गेलं होतं.